शिलेदाराचा घोडा आणि कॅराव्हॅनची वाढीव हमी

१/ गाडीला जुंपण्यासाठी बैल विकत घेतला, तर तो पारखून पाहण्यास घेणाऱ्याला किती दिवस मिळावेत? याज्ञवल्क्यस्मृतीचे उत्तर आहे, पाच दिवस. ओझे वाहणाऱ्या वा गाडी ओढणाऱ्या जनावराला तिथे ‘वाह्य’ म्हटले आहे. वाहनाच्या हमीची मुदत ठरवणारा इतका जुना नियम आपल्या परंपरेत आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आजचा धागा या हमीच्या इतिहासाचा. शेवटी एका अगदी आजच्या प्रश्नापर्यंत जायचे आहे.

२/ स्मृतीतील ही यादी बारकाईने पाहण्यासारखी आहे. बियाण्याला १० दिवस, लोखंडाला १, वाह्य जनावराला ५, रत्नांना ७, दुभत्या जनावराला ३. आकडे मनाला येतील तसे घेतलेले नाहीत. लोखंडाचा कस एका दिवसात कळतो, बी रुजते की नाही हे कळायला आठवडा उलटावा लागतो, गाय दूध किती देते हे तीन दिवसांत उघड होते. वस्तूतील दोष उघडा पडायला जितका काळ लागतो, तितकी मुदत. हे त्यामागचे तत्त्व दिसते.

३/ याच यादीत दासीसाठी एक महिना आणि दासासाठी अर्धा महिना दिला आहे. माणसांचा क्रयविक्रय बैल आणि रत्ने यांच्याच ओळीत बसवलेला आहे. परंपरेतील शहाणपण वाचताना हा भाग गाळून पुढे जाता येत नाही. नियमांची रेखीव मांडणी आणि समाजाचा न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

४/ धर्मशास्त्राने वादांचे जे अठरा प्रकार मानले, त्यांत ‘क्रयविक्रयानुशय’ हा एक आहे. म्हणजे खरेदी वा विक्री झाल्यावर होणारा पश्चात्ताप. मनुस्मृतीत अशा पश्चात्तापासाठी दहा दिवसांची मुदत आहे आणि ती घेणारा व विकणारा या दोघांनाही आहे. ‘एकदा घेतलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही दुकानातील पाटी भारतीय परंपरेचा एकमेव आवाज नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

५/ आता आजचा प्रश्न. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. झोपण्याची, स्वयंपाकाची, स्वच्छतागृहाची सोय असलेली गाडी घेऊन कोकणात वा घाटमाथ्यावर फिरण्याची कल्पना आमच्या नवी मुंबईतल्या घरांतही शिरली आहे. खारघरला राहणारी माझी आत्या आणि तिचे यजमान निवृत्तीनंतर अशीच एक गाडी घेत आहेत. गाडी ठरली, रंग ठरला आणि शेवटच्या कागदावर एक चौकोन उरला: एक्स्टेंडेड वॉरंटी हवी की नको?

६/ मूळ हमी संपल्यानंतरच्या काही वर्षांसाठी आजच पैसे भरून आणखी हमी विकत घ्यायची, असा हा व्यवहार. रक्कम लहान नाही आणि ती निवृत्तीच्या पुंजीतून जायची आहे. आत्याने मला विचारले, “तू इतिहासाची एवढी पुस्तकं वाचतोस, त्यांत याचं काही उत्तर आहे का?” प्रश्न थट्टेचा होता. मी मात्र तो गंभीरपणे घेतला, कारण वाहनावरची जोखीम कोणी उचलायची हा प्रश्न आपल्या इतिहासात वारंवार आणि चांगल्या कागदपत्रांसह आलेला आहे.

७/ पुढे जाण्यापूर्वी तीन शब्द निश्चित करू. वाहन तीन कारणांनी बंद पडते. पहिले खोड: आत मुळातच असलेला दोष. दुसरे घात: बाहेरून आलेले संकट, म्हणजे अपघात, पूर, चोरी. तिसरे झीज: वापराने होणारा क्षय. जनावरांच्या बाजारात ‘खोड’ हा शब्द आजही याच अर्थाने चालतो. हमी ही खोडीसाठी असते, विमा घातासाठी आणि देखभाल झिजेसाठी. या तिघांची गल्लत झाली की माणूस एकाच गोष्टीचे पैसे दोनदा देतो, किंवा ज्यासाठी पैसे दिले असे त्याला वाटते ते त्याला मिळत नाही.

८/ प्रथम घाताकडे पाहू. याज्ञवल्क्यस्मृतीत तारण असलेल्या कर्जाचे व्याज दरमहा ऐंशीवा भाग, म्हणजे शेकडा सव्वा. पण जो व्यापारी अरण्यातून जाणार त्याला शेकडा १० आणि जो समुद्रावरून जाणार त्याला शेकडा २०. अर्थशास्त्रातही अरण्य आणि समुद्र यांचे हेच आकडे येतात. या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने लिहिली आणि महाराष्ट्रात पुढे शतकानुशतके तिचाच अधिकार चालला. चढ्या व्याजाचे कारण तीत सरळ दिले आहे: मुद्दलच बुडण्याची धास्ती.

९/ म्हणजे व्याजाच्या पोटात विम्याचा हप्ता दडलेला होता. ग्रीसमध्येही हेच दिसते. इसवी सनपूर्व चौथ्या शतकातील अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनीस याच्या नावावरील एका भाषणात जहाजी कर्जाचा करार जपला गेला आहे. त्यात एका सफरीचे व्याज हजारी २२५ आहे आणि परतीला उशीर होऊन वादळी हंगाम लागला तर हजारी ३००. जहाज बुडाले तर कर्ज बुडाले. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची रीत याच हिशेबातून समजते. ऋतू बदलला की जोखमीची किंमत बदलते.

१०/ पश्चिम किनाऱ्यावर या विचाराला एक देखणे रूप मिळाले: जोखमी हुंडी. तिची रीत अशी. एका बंदरातला व्यापारी दुसऱ्या बंदरातल्या व्यापाऱ्याकडे गलबतातून माल पाठवतो आणि मालाच्या किमतीची हुंडी त्याच्यावर लिहितो. ही हुंडी तो तिसऱ्या माणसाला थोड्या कमी किमतीत विकून रोकड मोकळी करतो. गलबत सुखरूप पोहोचले तर हुंडी वटते. माल बुडाला तर हुंडी घेणाऱ्याचे पैसे बुडतात.

११/ एकाच कागदात कर्ज, पैशाची ने-आण आणि विमा अशी तीन कामे झाली. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या उच्च न्यायालयापुढेही या हुंडीचे वाद आले. तिची खुबी तिच्या स्पष्टपणात होती. केव्हा पैसे मिळतील आणि केव्हा मिळणार नाहीत, याचे उत्तर एका घटनेवर अवलंबून होते: माल पोहोचला की नाही? बंदरावरचा कोणीही त्याचे उत्तर देऊ शकत असे. आजच्या हमीपत्राच्या बारीक अक्षरांशी याची तुलना मनातल्या मनात करून ठेवा.

१२/ ‘विमा’ हा शब्द फारसीतून आला. त्याच्या मुळाशी ‘बीम’, म्हणजे भय. ‘जामीन’ अरबीतून आलेला. ‘कॅराव्हॅन’ हा शब्द आपल्याला इंग्रजी वाटतो, पण तोही मूळचा फारसी ‘कारवान’. वंजारी आणि लमाण यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दख्खनभर फिरत. त्यांचा संसारही सोबत असे. घर बरोबर घेऊन प्रवास करण्याची रीत या भूमीत गाडीच्या आधी कितीतरी काळ रुळलेली होती.

१३/ आता नकाशावर आमच्या भागाकडे या. पनवेल हे खाडीवरचे बंदर. मुंबईहून होडीने पनवेलला उतरायचे, पुढे खोपोलीला पोहोचायचे आणि बोरघाट चढून देशावर जायचे, ही पुण्याची जुनी वाट. खोपोलीचा नाना फडणविसांनी बांधवलेला तलाव आजही या वाटेची साक्ष देतो. १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटात चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला. तोवर घाटातली मालवाहतूक मुख्यतः बैलांच्या आणि हमालांच्या पाठीवर होती.

१४/ या वाटांवर खर्चाचा अंदाज बांधणे अवघड. भाडे एक, पण ठिकठिकाणी जकातीची नाकी. यावर बाजाराने शोधलेला उपाय म्हणजे हुंडेकरी. भाडे आणि वाटेवरची जकात यांसह एक ठोक रक्कम ठरवून माल पोहोचवण्याचे काम तो अंगावर घेई. या ठोक व्यवहाराला हुंडा, हुंडाभाडा म्हणत. व्यापाऱ्याची डोकेदुखी संपे आणि हुंडेकऱ्याला त्याच्या वाटेच्या माहितीचा मोबदला मिळे.

१५/ एक्स्टेंडेड वॉरंटी हा स्वभावाने हुंडाच आहे. पुढच्या वर्षांतला अनिश्चित खर्च एका ठोक आकड्यात बांधून टाकायचा. अशा व्यवहारात एक गोष्ट विसरता येत नाही. हुंडेकऱ्याला वाट माहीत असते, आपल्याला नसते. कोणत्या गाडीचा कोणता भाग कितव्या वर्षी निकामी होतो, याची नोंद विकणाऱ्याकडे असते. तो आकडा ठरवतो तेव्हा सरासरी दुरुस्तीखर्च, कार्यालयाचा खर्च, विक्रेत्याचे कमिशन आणि नफा यांची बेरीज करूनच ठरवतो. म्हणून सरासरी ग्राहक या व्यवहारात पैसे वाचवत नाही. तो निश्चिंती विकत घेतो.

१६/ निश्चिंती विकत घेणे हा मूर्खपणा नव्हे. हे समजण्यासाठी शिलेदार आणि बारगीर यांच्याकडे जावे लागेल. मराठ्यांच्या घोडदळात बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. त्याला मोबदला अधिक, पण घोडा त्याचा, आणि म्हणून घोड्याची जोखीमही त्याची.

१७/ सभासदाची बखर १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिली गेली. तिच्यात शिवछत्रपतींच्या पागेची रचना येते: २५ बारगिरांवर एक हवालदार, आणि दर २५ घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पावसाळ्यात लष्कर छावणीस आले की दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेल्या पागा यांची तरतूद आधीच तयार. पाणी, नाल, औषध, छप्पर: ही झिजेची व्यवस्था. घोडा पडल्यावर काय करायचे हा प्रश्न उशिरा यावा, म्हणून केलेली.

१८/ शिलेदाराचे दुखणे निराळे होते. विल्यम आयर्विन यांनी १९०३ च्या आपल्या ग्रंथात मुघल घोडदळाविषयी जे निरीक्षण नोंदवले, ते स्वतःचा घोडा आणणाऱ्या प्रत्येक स्वाराला लागू पडते. घोडा मेला की उपजीविका मेली. त्यामुळे स्वार लढाईत घोड्याला जपत असे. ज्याच्याजवळ एकच घोडा आहे, त्याच्या धैर्यालाही मर्यादा पडते. पागेला मात्र शेकडो घोड्यांत एक गेल्याने मोडण्याची भीती नसते.

१९/ जोखमीच्या सगळ्या चर्चेचा गाभा इथे आहे. एकच नुकसान शिलेदाराला बुडवते आणि पागेला खरचटते. म्हणून ‘हमी घ्यावी का?’ या प्रश्नाचे उत्तर वस्तूच्या किमतीवर ठरत नाही. ते नुकसान सोसण्याच्या आपल्या ताकदीवर ठरते. मिक्सर बिघडला तर प्रत्येक घर पागा असते. निवृत्तीच्या पुंजीतून घेतलेल्या गाडीचे इंजिन गेले तर तेच घर शिलेदार होते.

२०/ शिलेदारांनी यावर मार्ग काढला का? काढला. इंग्रजी अमलात शिलेदारी पद्धत हिंदी रिसाल्यांत पुढे चालू राहिली. १८१७ साली उभा राहिलेला पूना हॉर्स हा त्याच परंपरेतला. अशा रिसाल्यांत ‘चंदा फंड’ असे. प्रत्येक स्वार दरमहा वर्गणी भरी आणि कोणाचा घोडा मेला वा निकामी ठरला की नव्या घोड्यासाठी या निधीतून मदत मिळे. निधी रिसाल्याचाच असल्यामुळे उरलेला पैसा तिथेच राही.

२१/ हा निधी शांततेच्या काळात चालला, कारण घोडे एकेक करून मरत. पहिल्या महायुद्धात गणित कोसळले. रिसाले समुद्रापार गेले, घोडे एकदम आणि मोठ्या संख्येने पडू लागले, आणि भरपाई वैयक्तिक वर्गणीच्या आवाक्याबाहेर गेली. युद्धानंतरच्या पुनर्रचनेत शिलेदारी पद्धत मोडीत निघाली. सर्वांचे नुकसान एकाच वेळी होते तेव्हा परस्पर निधी अपुरा पडतो, हा त्यातला धडा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि महानगरातल्या असंख्य गाड्या एकाच दिवशी पाण्यात गेल्या. असा घात कोणत्याही वॉरंटीच्या कक्षेत येत नाही. तो विम्याचा विषय आहे.

२२/ आता कायदा. १८७२ च्या करार कायद्यातील मालविक्रीची कलमे बाजूला काढून १९३० साली मालविक्री कायदा झाला. त्याचा साचा इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्याचा. त्यात ‘शर्त’ आणि ‘हमी’ यांत भेद केला आहे. शर्त व्यवहाराचा कणा असते. ती मोडली तर ग्राहक व्यवहारच नाकारू शकतो. हमी ही जोडबाब असते. ती मोडली तर भरपाई मागता येते, वस्तू नाकारता येत नाही. सामान्य बोलण्यात ‘हमी’ हा सर्वांत भक्कम शब्द, कायद्यात तो शर्तीपेक्षा दुबळा. ही गंमत ध्यानात ठेवावी.

२३/ मोटारीच्या घाताचा बंदोबस्त त्यानंतर आला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील त्रयस्थ पक्षाच्या विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून लागू झाली. रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला संरक्षण मिळाले. आपल्याच गाडीतल्या खोडीचे काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. मागणारा रांगेत उभा असताना विकणाऱ्याला हमी वाढवून देण्याची गरजच नव्हती.

२४/ हे पारडे हलवण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू झाली. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला. त्यानुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करू शकतो, आणि कराराच्या एकतर्फी, अन्यायकारक अटींनाही आव्हान देता येते. तक्रारीची मुदत साधारणतः दोन वर्षांची.

२५/ एक सावधगिरी. गाडी भाड्याने देऊन धंदा करण्यासाठी घेतली असेल, तर ‘व्यापारी हेतू’ या मुद्द्यावर ग्राहक म्हणून मिळणारे संरक्षण वादात सापडू शकते. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला कायद्यात सवलत आहे. पण पर्यटन धोरण वाचून ‘आठवडाभर फिरू, उरलेले दिवस भाड्याने देऊ’ असा बेत आखणाऱ्यांनी विमा आणि हमी या दोन्ही कागदांत त्याविषयी काय लिहिले आहे, हे आधी पाहावे.

२६/ कॅराव्हॅनची खरी अडचण याहून वेगळी आहे. ती एक वस्तू नाही. खाली एका कंपनीची गाडी आणि वर दुसऱ्याने बांधलेले घर असते. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे पहिल्याचे. छताचे सांधे, पाण्याचा पंप, फ्रिज, जादा बॅटरी, त्यांची वायरिंग हे दुसऱ्याचे, आणि त्यांतली उपकरणे पुन्हा तिसऱ्या-चौथ्याची. बिघाड झाला की पहिला दुसऱ्याच्या वायरिंगकडे बोट दाखवतो आणि दुसरा पहिल्याच्या गाडीकडे. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफार गाडीत मनाला येईल तसा करता येत नाही. म्हणजे नोंदणीचा कागदही हमीच्या कागदाइतकाच महत्त्वाचा.

२७/ आत्याच्या टेबलावरचा कागद आम्ही खोड, घात, झीज या तीन रकान्यांत मांडला. घाताचा रकाना विम्याकडे गेला. झिजेचा रकाना, म्हणजे टायर, ब्रेकचे पॅड, वायपर, क्लच, हमीतून स्पष्ट वगळलेला होता. उरली खोड. त्यातही वाढीव हमी फक्त मूळ कंपनीच्या भागांना होती. वरच्या घराला नव्हती. कोकणातल्या पहिल्या पावसाळ्यात जे गळण्याचा संभव अधिक, ते छत त्या कागदाच्या बाहेर होते.

२८/ मग आकडे घातले. समजा हप्ता ४०,००० रुपये आहे. समजा त्या वाढीव वर्षांत २ लाखांचा मोठा बिघाड होण्याची शक्यता दहात एक आहे. सरासरी अपेक्षित खर्च २०,००० झाला. नुसत्या हिशेबाने हप्ता दुप्पट महाग. पागेने तो भरू नये. ज्याच्याकडे ते २ लाख बाजूला ठेवण्याची ऐपत नाही, त्या शिलेदाराने मात्र तो भरण्याचा विचार करावा. शक्यतेचा आकडा आपल्याला नेमका कधीच कळत नाही, हेही खरे. म्हणूनच दुसरा प्रश्न अधिक उपयोगाचा: तो बिघाड झालाच, तर आपण उभे राहू का?

२९/ आत्याचे यजमान म्हणाले, “आपण दोघांचाच चंदा फंड काढू. हप्त्याएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवू.” कल्पना चांगली, पण दोघांचा चंदा हा चंदा नव्हे. चंद्याची ताकद अनेकांच्या वर्गणीत असते. ४०,००० च्या खात्यातून पंप, बॅटरी, छत यांची दुरुस्ती निघेल. इंजिन निघणार नाही. लहान नुकसानासाठी बचत आणि मोठ्या नुकसानासाठी दुसऱ्याचा खांदा, ही विभागणी इतिहासात टिकलेली दिसते.

३०/ आत्याने त्या दिवशी चौकोनावर खूण केली नाही. “आजच सही केली तरच हा भाव” असे सांगितले गेल्यावर ती म्हणाली, “बैलालासुद्धा पाच दिवस देत होते म्हणतात. मला निदान आठ द्या.” तिने तीन गोष्टी लेखी मागितल्या. मूळ हमी संपण्यापूर्वी वाढीव हमी केव्हाही घेता येईल का? वरच्या बांधकामामुळे इंजिनाची हमी नाकारली जाणार नाही ना? आणि घर बांधणारा एका पूर्ण पावसाळ्यासाठी छत न गळण्याची हमी देईल का?

३१/ उत्तरे आठ दिवसांत आली. हमी मागाहून घेता येईल, भाव थोडा चढा असेल. बांधकाम करणाऱ्याने छताची हमी त्याच्या शिक्क्यानिशी दिली, कारण ती मिळेपर्यंत शेवटचा हप्ता देणार नाही असे आत्याने सांगितले होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र गोलमोल होते. वायरिंगमुळे झालेला बिघाड वगळून, असे. तो बिघाड कशामुळे झाला हे कोण ठरवणार, याचे उत्तर त्यात नव्हते. जोखमी हुंडीत बंदरावरचा कोणीही सांगू शके की गलबत आले की नाही. इथे निकाल देणारा आणि पैसे देणारा एकच होता.

३२/ म्हणून तिचा निर्णय असा झाला: आज वाढीव हमी नाही. छताची लेखी हमी घेतली. विम्यात कुचराई केली नाही. पंप-बॅटरीसाठी वेगळे खाते उघडले. मूळ हमी संपण्याच्या दोन महिने आधी, गाडीचा स्वभाव कळल्यावर, फक्त इंजिन-गिअरबॉक्सचा विचार पुन्हा करायचा. थोडा चढा भाव ही त्या वाट पाहण्याची किंमत. मुदत दोष उघडा पडण्याच्या काळाएवढी असावी, हे याज्ञवल्क्याचे तत्त्व तिने आपल्या व्यवहारात वापरले, असे मी म्हणेन. ती म्हणते, तिने बँकेत तीस वर्षे दुसऱ्यांचे कागद वाचले, त्याचा हा परिणाम.

३३/ हाच निर्णय प्रत्येकाचा असावा असे नाही. रोज घाट चढणाऱ्याचे, गाडीवर पोट असणाऱ्याचे, दुरुस्तीची सोय जवळ नसणाऱ्याचे उत्तर वेगळे येईल आणि ते बरोबरही असेल. तीन रकाने मात्र सर्वांसाठी तेच. या कागदात खोड कोणाची, घात कोणाचा, झीज कोणाची? आणि चौथा प्रश्न: वाद झाला तर निकाल कोण देणार?

३४/ शेवटी एक विनंती. मराठी मुलुखातल्या जोखमीचा इतिहास अजून पुरता लिहिला गेलेला नाही, कारण त्याचे कागद दरबारी दप्तरांपेक्षा घरांतल्या पेट्यांत अधिक सापडण्याचा संभव आहे. हुंडेकऱ्याची पावती, गलबताचा हिशेब, जुन्या विम्याचा कागद, आजोबांच्या पहिल्या गाडीचे हमीपत्र: असे काही घरात असेल तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. मोडी वाचता येत नसेल तर छायाचित्र काढून या धाग्याखाली ठेवा, मिळून वाचू. आणि आजच्या गाडीची पावतीही जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर पुरावा म्हणून ती तुम्हाला लागेल, न आली तर शंभर वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्याला.